काल पण मंगळवारच होता

ढग नुसते गुरगुरले तरी आमचे आण्णा घरातले सगळे प्लग उपटतात. टीव्ही, फ्रिज, वायफायचा डबा, कॉम्प्युटर, काही म्हणजे काही सुटत नाही. बटण बंद करून त्यांचं समाधान होत नाही. प्लग बाहेर आला आणि वायर फरशीवर लोळताना दिसली की मगच ते पंख्याखाली बसतात. (पंखा तेवढा चालतो. त्याला प्लग नाही.) फार पूर्वी एकदा वळवात वीज कडाडली आणि टीव्ही जळाला, तेव्हापासूनचं हे. मे महिन्यात साताऱ्यात दुपारी चारनंतर आभाळ भरून यायला लागलं की आमच्या शाहूपुरीच्या घरात प्लग उपटण्याचा हा कार्यक्रम रोजचाच.

आण्णा म्हणजे माझे सासरे. मूळ पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर होते. गेली दोन वर्षं रोज सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरसमोर बसतात आणि कोयनेच्या भूकंपाबद्दल लिहितात. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. ही तारीख ते नुसती सांगत नाहीत, "अकरा डिसेंबर सदुसष्ट, सोमवार" अशी सांगतात. त्यांच्या डोक्यात तारखेला वार चिकटूनच येतो. माझं लग्न कुठल्या वारी झालं ते मला आठवत नाही, त्यांना आठवतं.

तर डेस्कटॉपवर 'भूकंप फायनल २' नावाची फाईल होती. ७३ पानं. प्रत एकच. मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते. दिवसभर लोकांचे रिटर्न भरते आणि बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून क्लायंटच्या मागे लागते. घरात मात्र उलटं. खाली कोपऱ्यातला निळा ढग सारखं काहीबाही विचारतो म्हणून आण्णा वैतागले होते, तेव्हा तो वनड्राइव्ह, म्हणजे फाईलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारा, मीच बंद करून दिला होता.

अधिक महिना लागायच्या आत उरकायचं म्हणून नात्यातलं एक लग्न घाईघाईनं ठरलं आणि आम्ही सगळे आठ दिवस पाटणला गेलो. निघताना आण्णांनी शिरस्त्याप्रमाणं प्लग काढले. शुक्रवारी रात्री परत आलो. शनिवारी सकाळी मी भाकरी थापत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"सूनबाई, आगं, ह्यो मला वळखंना झालाय!"

आत जाऊन बघितलं. पिन टाकायचा चौकोनच गायब होता. त्याच्या जागी इंग्रजीत एक ओळ : काहीतरी झालंय आणि तुमचा पिन उपलब्ध नाही, पिन पुन्हा सेट करायला इथं क्लिक करा. काहीतरी झालंय म्हणजे काय झालंय? पिठाच्या हातानंच क्लिक केलं. टिंबं गोल गोल फिरली आणि इंटरनेट नाही म्हणून परत मूळ जागी. वायफायचं चिन्ह तर पूर्ण भरलेलं दिसत होतं.

"आण्णा, तुम्ही काही दाबलंत का?"

"मी कशाला काय दाबतोय? चालू केला, बस."

हे उत्तर पूर्ण खरं नव्हतं. पण ते सोमवारी कळलं.

पिन चालत नसला तर पासवर्ड टाकून आत जाता येतं, हे मला ऑफिसमुळं माहीत होतं. 'साइन-इन ऑप्शन्स' वर क्लिक केलं की किल्लीचं चित्र येतं, ते पासवर्डचं. अडचण एवढीच की पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. आमच्या घरात पिन म्हणजेच पासवर्ड, असा सगळ्यांचा समज. वास्तविक दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पासवर्ड असतो तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा, तो जगातल्या कुठल्याही मशीनवर चालतो. पिन असतो त्या एका मशीनपुरता, आणि त्याची राखण त्या मशीनमधली टीपीएम नावाची सुरक्षेची चिप करते. घराच्या कपाटाची किल्ली आणि बँकेतल्या लॉकरची किल्ली यांत जेवढा फरक, तेवढा. पण रोज चार आकडे दाबले की काम होतं, मग लॉकरच्या किल्लीची आठवण कोण ठेवतंय? माझं स्पष्ट मत आहे की पिनच्या सोयीनं घरोघरच्या पासवर्डांचा बळी घेतलाय.

आमचं अकाउंट तरी कुणी केलं होतं? गेल्या दिवाळीच्या तोंडावर विंडोज १० चा सपोर्ट संपला, १४ ऑक्टोबर २०२५ ला. आमचा कॉम्प्युटर २०१९ चा, प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या नियमात कसाबसा बसणारा. गावातल्या एका दुकानातून मुलगा आला, दोन तास बसला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, काहीतरी चालू केलं, ११ टाकून दिलं आणि जाताना आण्णांना म्हणाला, "काका, चार आकडे सांगा." काकांनी सांगितले. अकाउंट कुठल्या ईमेलवर काढलं, पासवर्ड काय ठेवला, यातलं काही त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी तेव्हा चकल्या तळत होते.

बिलांची फाईल उपसल्यावर एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर साताऱ्याचं इंग्रजी स्पेलिंग आणि पुढं चार आकडे. वर 'पासवर्ड' असं लिहिलेलं. मला इतका आनंद झाला की मी आईंना आधी चहा टाकायला सांगितला. टाइप केलं, चूक. पुन्हा केलं, चूक. कॅप्स लॉक बघितलं, नम लॉक बघितलं, सगळं ठीक. मग पासवर्डाच्या चौकोनातल्या डोळ्यावर क्लिक करून बघितलं तर आत अक्षरच नव्हतं एकही. एक मात्रा, मग एक काना-मात्रा, दीर्घ उकार, परत काना-मात्रा, वेलांटी, परत काना-मात्रा. सगळ्या टिंबाटिंबांच्या गोलांना लटकलेल्या.

दोन मिनिटं काही सुधरेना. मग खाली उजवीकडं नजर गेली. कीबोर्ड मराठीवर होता. आण्णा इनस्क्रिप्टवर टाइप करतात, साठी उलटल्यावर शिकले, बटणांवर पिवळे स्टिकर लावून. इनस्क्रिप्टमध्ये एस म्हणजे मात्रा, ए म्हणजे काना-मात्रा, टी म्हणजे दीर्घ उकार, आर म्हणजे दुसरी वेलांटी. म्हणजे इंग्रजीत 'सातारा' लिहायला गेलं की योगायोगानं सहाच्या सहा बटणांवर नुसत्या स्वरांच्या खुणा येतात, व्यंजन एकही नाही. काळे ठिपके दिसत असताना हे कळणार कसं? विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इंग्रजी केली, नीट टाइप केलं, डोळ्यानं तपासलं, एंटर मारलं.

तरीही चूक.

तेवढ्यात पोरगं उठून आलं. दहावीची परीक्षा दिल्यापासून त्याची सकाळ अकराला होते. चिठ्ठी बघून म्हणालं, "आई, हा वायफायचा पासवर्ड आहे." चहा झालेला होता, तो प्यायला. पोराकडं स्वतःचा एक उपायही होता. युट्यूबवर कुणी तरी पेनड्राइव्ह लावून पासवर्डच उडवून दाखवतं म्हणे. म्हटलं, ७३ पानं त्या पेनड्राइव्हच्या भरवशावर सोडायची नाहीत, तू अंघोळीला जा.

मोबाईलवरून पासवर्ड बदलता येईल हे मला माहीत होतं, पण त्यासाठी अकाउंटचं नाव हवं. नाव विसरलेल्यांसाठीही सोय असते : फोन नंबर टाकायचा, त्यावर कोड येतो, मग त्या नंबराला जोडलेली अकाउंटं दिसतात. दुकानातल्या मुलानं कुठला नंबर दिला असेल? आण्णांचाच दिला असावा या अंदाजानं टाकला. हॉलमध्ये आण्णांचा फोन टुणकन वाजला.

"आण्णा, कोड आलाय बघा. काय आहे?"

"ते सांगायचं नसतं."

"अहो आण्णा, मी विचारतेय."

"कुणालाच सांगायचं नसतं. बँकवाले सांगून सांगून थकले."

मी हसावं की रडावं अशा अवस्थेत असताना ते उठून आले, माझा मोबाईल हातात घेतला, स्वतःचा फोन छातीशी धरून कोड वाचला आणि एका बोटानं एकेक आकडा टाकला. मी शिस्तीत तोंड फिरवून उभी. खरं सांगायचं तर त्या दिवशीचं सगळ्यात बरोबर काम त्यांनीच केलं. अकाउंट सापडलं, आडनाव आणि कसलेतरी सहा आकडे असं नाव होतं. नवीन पासवर्ड ठेवला. या वेळी वहीत लिहिला, तारीख घालून.

आता कॉम्प्युटरवर तो नवा पासवर्ड टाकला. कीबोर्ड इंग्रजी, डोळ्यानं तपासलेला. उत्तर आलं : तुमचं डिव्हाइस ऑफलाइन आहे, या डिव्हाइसवर शेवटचा वापरलेला पासवर्ड टाका.

शेवटचा वापरलेला म्हणजे दुकानातल्या मुलानं दिवाळीत टाकलेला. तोच तर माहीत नाही!

आणि ऑफलाइन कसं? वायफाय जोडलेलं दिसतंय, त्याच वायफायवर माझा मोबाईल चालतोय. डबा बंद-चालू केला. मोबाईलचा हॉटस्पॉट दिला. केबल लावून मोबाईलचं नेट दिलं. तिन्ही वेळा चिन्ह जोडलेलं आणि तिन्ही वेळा तेच वाक्य. नवा पासवर्ड बरोबर आहे की नाही हे विचारायला कॉम्प्युटरला बाहेर जावं लागतं, आणि नेट असूनही तो बाहेर जात नव्हता. दारात चप्पल आहे, रस्ता मोकळा आहे आणि माणूस म्हणतोय मला जाता येत नाही.

दुपारी दुकानात फोन लावला. तो मुलगा आता तिथं नाही, पुण्याला गेला. दुसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, निदान तसं वाटलं, आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून टाकू. पाचशे रुपये. डेटा जाईल फक्त."

फोन स्पीकरवर होता. आण्णा समोर बसलेले. 'फक्त' हा शब्द त्यांनी ऐकला.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं आईंना म्हणाले, "परत लिहिलं म्हणून परत तसंच येतंय व्हय?" मी त्यातली पानं वाचलेली आहेत. एका ठिकाणी लिहिलंय की हादरा बसायच्या आधी मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांशी बोलायला लागली आणि आजीनं झोपेतच "मांजर आलं वाटतं" म्हटलं. मग अंधारात बापानं त्यांना उचललं ते दंडाला धरून, आणि तो दंड नंतर कित्येक दिवस दुखत होता. भूकंप म्हटलं की पडलेल्या घराच्या आधी त्यांना तो दुखरा दंड आठवतो. एवढं वाचल्यावर मला फॉरमॅट हा शब्द उच्चारवेना. चार वाजता आभाळ आलं, आण्णांनी उठून प्लग उपटले, कॉम्प्युटरचाही. मीही काही म्हटलं नाही. नाहीतरी चालू ठेवून काय करणार होतो?

रविवारी सकाळी पूजा आटोपून आण्णा बंद दुकानासमोर उभं राहावं तसे कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. प्लग लावला, चालू केला, आणि लॉक स्क्रीन आल्यावर कुठलंही बटण न दाबता नुसते बघत राहिले. आम्ही बाकीचे सगळे तो पडदा आला की एंटर मारून पुढं पळत होतो. तिथं मोठ्या अक्षरांत वेळ असते, खाली वार आणि तारीख असते, हे कुणी वाचतं का? आण्णांनी वाचलं.

"सूनबाई, ह्याचा आज मंगळवार आहे."

"असूदे आण्णा."

"काल पण मंगळवारच होता."

मी हातातलं टाकून गेले. मंगळवार, १ जानेवारी. आणि कालही हेच होतं? "कालही हेच. मी म्हटलं मशीन बिघडलंय तर वार पण बिघडला असंल." कॉम्प्युटरच्या घड्याळात काल १ जानेवारी होती, रात्र गेली, आज परत १ जानेवारी. १ जानेवारीला मंगळवार म्हणजे कुठलं साल, ते आण्णांनी बोटं मोडून सांगितलं : २०१९.

इथं माझ्या डोक्यात एकदम ऑफिस आलं. आमच्याकडं क्लायंटांच्या डिजिटल सह्यांचे टोकन असतात, डीएससी म्हणतो आम्ही. प्रत्येक सहीच्या सर्टिफिकेटला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. संपलेली सही चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकदा एका मशीनची तारीखच मागं गेली होती, तेव्हा कोरी करकरीत सही 'अजून लागू झालेली नाही' म्हणून नाकारली गेली होती. वेबसाइटांचंही तसंच. कॉम्प्युटर सुरक्षित साइटशी बोलायला जातो तेव्हा आधी तिचं सर्टिफिकेट बघतो आणि आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. आमचा कॉम्प्युटर २०१९ मध्ये बसलेला. समोरचा दाखवतोय २०२६ चं सर्टिफिकेट. हा म्हणणार, तुमचा कागद अजून जन्मालाच आलेला नाही. मग बोलणंच बंद, आणि आम्हाला वर सांगणार, ऑफलाइन आहे.

लॉक स्क्रीनवरून तारीख बदलता येत नाही. पण चालू होताना डिलीट बटण टकटक दाबत राहिलं की आमच्या मशीनमध्ये बायोस उघडतं. आतही तेच, १ जानेवारी २०१९, मंगळवार. तारखेच्या पहिल्या खान्यात मी १७ टाकायला गेले तर घेईना. दोनदा झटापट झाल्यावर कळलं की तिथं आधी महिना असतो. मग ५, १७, २०२६. शेजारी आपोआप 'संडे' असं आलं, तेव्हा आण्णा मागून म्हणाले, "आता बरोबर." एफ टेन दाबून सेव्ह केलं.

पासवर्डाच्या चौकोनात वहीतला पासवर्ड टाकला. टिंबं फिरली. नेहमीपेक्षा जरा जास्तच फिरली. आणि निळा पडदा, मग कासच्या फुलांचा आमचा फोटो, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात 'भूकंप फायनल २'.

आण्णांनी ती लगेच उघडली नाही. "आधी कुठंतरी काढून ठेव," म्हणाले. पेनड्राइव्हवर घेतली, त्यांच्या ईमेलला पाठवली, माझ्या ईमेलला पाठवली आणि निळा ढग मुकाट्यानं परत चालू केला. मग त्यांनी फाईल उघडून शेवटचं पान वाचलं आणि एक काना दुरुस्त केला.

पिन मात्र अजूनही 'काहीतरी झालंय' म्हणतच होता. तारखेनं इंटरनेट का अडलं ते समजलं, पण पिनला इंटरनेट कशाला लागतंय? तो तर या मशीनपुरता. हे कोडं सुटलं सोमवारी सकाळी. रविवारी दुपारी परत गडगडलं होतं, परत प्लग निघाले होते. सोमवारी मी मुद्दाम शेजारी उभी राहिले आणि चालू करायला लावलं. काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, चार ओळी. मी वाचायला वाकले तोवर आण्णांचं बोट एफ टूवर पडलं आणि पडदा गेला.

"आण्णा! हे काय होतं?"

"ते? ते येतंय आता रोज. एफ टू दाबलं की जातंय पुढं."

"शनिवारी पण आलं होतं?"

"आलं होतं की."

"मग मी विचारलं तेव्हा..."

"तू विचारलंस, काय दाबलं का. ते दाबल्याबिगर पुढंच जात नाही, त्याला दाबणं म्हणत्यात व्हय?"

मास्तरांशी वाद घालू नये. मशीन परत चालू करून तो पडदा मी मोबाईलमध्ये टिपून घेतला. त्यावर लिहिलं होतं की तारीख-वेळ लावलेली नाही, आणि सेटिंग करायला एफ वन, मूळच्या सेटिंग लोड करून पुढं जायला एफ टू. म्हणजे आण्णा रोज सकाळी स्वतःच्या हातानं मशीनला कारखान्यातून आलं तसं करत होते. आणि कारखान्यातून आलं तेव्हा आमच्या बोर्डात टीपीएम बंद होतं. दुकानातल्या मुलानं दिवाळीत बायोसमध्ये जे 'काहीतरी चालू केलं' ते हेच, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. आमच्या इंटेलच्या बोर्डात त्याचं नाव पीटीटी. ते बंद पडलं, पिनची राखण करणारा गेला, पिन गेला. मग वाटलं, बरं झालं मी परवा चिडून त्यांना काही बोलले नाही; तो पडदा माझ्यासमोर आला असता तर मीही एफ टूच दाबलं असतं.

आता हे सगळं विसरायला मशीनला झालं काय? ते नवऱ्यानं सांगितलं. तो एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, रविवारपर्यंत सेकंड शिफ्ट होती, त्यामुळं दोन दिवस आमचा हा तमाशा त्यानं फक्त डब्यातली भाजी खाता खाता फोनवर ऐकला होता. म्हणाला, "सेल गेलाय. घड्याळाचा." कॅबिनेटची बाजू उघडली, आत धुळीचा गालिचा, आणि मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चकचकीत सेल. प्लग काढलेला असताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग याच्या जिवावर राहतात. प्लग लावलेला असला की त्याला काम फारसं नसतं, म्हणून मरायला टेकलेला सेलही महिनोन्महिने कळून येत नाही. आमच्याकडं प्लग आठ दिवस फरशीवर होता. नवऱ्यानं मल्टीमीटर लावला : २.१ व्होल्ट. तीनचा सेल असतो.

सेलवर नाव असतं, सीआर२०३२. यातले २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, हेही त्यानंच सांगितलं. मोती चौकात जाऊन आणला, चाळीस रुपये. येताना पाव किलो कंदी पेढे आणले, ते सेलपेक्षा महाग पडले. सेल बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावायचा, बाजूची छोटी पट्टी नखानं मागं ढकलली की सेल आपोआप वर उडतो, नवा बसवताना लिहिलेली बाजू वर. आमचा उडाला तो थेट सोफ्याखाली गेला, तो शोधायला मात्र पंधरा मिनिटं गेली.

मग बायोसमध्ये परत तारीख, आणि ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन पीटीटी चालू. जुना पिन जिवंत होईल अशी माझी वेडी आशा होती, तसं झालं नाही. पण 'पुन्हा सेट करा' वर क्लिक केल्यावर या वेळी पान उघडलं, पासवर्ड विचारला, आण्णांच्या फोनवर कोड आला (तो त्यांनीच टाकला), आणि नवा पिन घेतला. तो काय ठेवला हे मला माहीत नाही. मी तोंड फिरवलं होतं.

नंतर दोन गोष्टी मुद्दाम बघितल्या. एक, सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलपात ठेवणारी सोय, चालू आहे का. आमच्यात बंद होतं, आणि त्या शनिवारी ते आमचं नशीब होतं. चालू असतं तर टीपीएम बंद झाल्याबरोबर मशीननं ते कुलूप उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की मागितली असती, आणि ती की ज्या अकाउंटात साठवलेली असते त्या अकाउंटचं नावच आम्हाला माहीत नव्हतं. नव्या मशीनवर पुष्कळदा ते आपोआप चालू झालेलं असतं. तुमच्याकडं असेल तर ते आकडे आजच कागदावर उतरवा, आणि तो कागद वायफायच्या चिठ्ठीबरोबर ठेवू नका. दुसरं, अकाउंटला आण्णांच्या नंबरासोबत माझा नंबर जोडला. त्यांचा काढला नाही. जुनी माहिती सगळी काढून एकदम नवी घातली की तीस दिवस थांबावं लागतं, आणि आमच्या घरात तीस दिवस कॉम्प्युटर बंद राहिला तर आण्णा वहीत लिहायला लागतील आणि ते टाइप करायचं माझ्या गळ्यात पडेल.

दुकानाला फोन करून सांगावं असं एकदा मनात आलं. पण काय सांगणार? तुमचा 'फक्त' चाळीस रुपयांत टळला म्हणून? राहू दिलं.

परवा परत वळीव येऊन गेला. आण्णांनी सगळे प्लग काढले. मी म्हटलं, आण्णा, आता सेल नवा आहे तरी कॉम्प्युटरचा राहू दिला असता. "वीज सेल बघून पडत न्हाई," म्हणाले. सकाळी चहा घेऊन गेले तर नुकताच चालू केलेला, लॉक स्क्रीन तशीच समोर, आणि ते चष्मा कपाळावर चढवून, मग खाली घेऊन, ती ओळ वाचत होते.

"सोमवार," म्हणाले, आणि पिन टाकायला लागले. मी कप ठेवून वळले.